ओळखीचा डॉलर आणि कनवटीचा रुपिया

काकू, सा. न. वि. वि.

आम्ही साताऱ्याचे. मे महिन्याच्या सुट्टीत पहिल्यांदाच परदेशी निघालोय, बालीला, सहा रात्री. मी, हे, कॉलेजात शिकणारा मुलगा आणि माझ्या सासूबाई (वय ७१, डायबेटिस, इन्सुलिन चालू). विमानाचे आणि हॉटेलचे पैसे भरून झालेत. भांडण आहे ते खर्चाचे पैसे कसे न्यायचे यावरून. ह्यांच्या ओळखीच्या एकाकडे डॉलर मिळतात, बँकेपेक्षा पन्नास पैसे स्वस्त, पावती-बिवती काही नाही. हे म्हणतात, अडीच हजार डॉलर त्याच्याकडून घेऊ आणि सगळे मी माझ्या कमरेच्या पट्ट्यात बांधतो. मुलगा म्हणतो, बाबा, कॅश कोण नेतं आता, कार्ड दाखवायचं. मला कोणी विचारत नाही, पण घरखर्चाचा हिशोब गेली बावीस वर्षं मीच ठेवते. औषधं, खाणं, डास याबद्दलही सांगा.

ता. क. : इंडोनेशियाच्या नोटेवर गणपती असतो म्हणे. सासूबाईंना तशी नोट देव्हाऱ्यात ठेवायला हवी आहे.

एक वाचक, सातारा

ताई,

‘मला कोणी विचारत नाही’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्याकडे येतेच. आधी तो पन्नास पैशांचा डॉलर निकालात काढू.

बँकेच्या परकीय चलन विभागात माझी एकवीस वर्षं गेली. ‘आमच्या ओळखीचा एक आहे’ हे वाक्य काउंटरपलीकडून किती वेळा ऐकलं, त्याचा हिशोब नाही. अडीच हजार डॉलरवर पन्नास पैशांप्रमाणे वाचतात बाराशे पन्नास रुपये. चार माणसांचं एक जेवण. त्यासाठी काय पत्करताय ते बघा. परकीय चलन विकण्याचा अधिकार बँकांना आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरलाच आहे. दुसऱ्या कोणाकडून घेतलंत तर तो फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा, भंग होतो, आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. विमानतळावर कस्टमवाल्याने विचारलं की हे कुठून आणले, तर दाखवायला कागद नाही. हे झालं कायद्याचं. व्यवहारातली अडचण याहून जवळची आहे. असा माणूस नोटा आणतो कुठून? परतलेल्या प्रवाशांकडून, नातेवाइकांकडून. त्यात जुन्या छपाईच्या, कोपरा दुमडलेल्या, कोणीतरी पेनाने आकडा टाकलेल्या, शिक्का उमटलेल्या नोटा हमखास निघतात. अमेरिकेत त्या बिनबोभाट चालतील. बालीतला मनी चेंजर मात्र नोट उजेडात धरतो, उलटीपालटी करतो, बोटाने कडा चाचपतो आणि एवढासा डाग दिसला तरी हसतमुखाने परत करतो. अशा पाच नोटा परत आल्या तर तुमचे पाचशे डॉलर सहा रात्री नुसते कमरेला बसून राहतील.

म्हणून बँकेत किंवा परवानाधारक मनी चेंजरकडेच जा. साताऱ्यात शाखेने ‘आमच्याकडे नाही होत’ म्हटलं तर पुण्यात व्हा. पासपोर्ट, पॅन आणि तिकीट बरोबर न्या, चलन खरेदीचा ए-टू फॉर्म तिथेच भरून घेतात. प्रवासाच्या साठ दिवस आधीपासून चलन घेता येतं. इंडोनेशियासारख्या देशाला जाताना माणशी तीन हजार डॉलरपर्यंत नोटा नेता येतात, म्हणजे अडीच हजारांत बेकायदा काही नव्हतं. बेकायदा होतं ते विकत घ्यायचं ठिकाण. पन्नास हजार रुपयांच्या वरची रक्कम रोखीने भरता येत नाही, चेक किंवा खात्यातून द्यावी लागते.

आणि दर विचारू नका. दर विचारला की समोरचा छान दर सांगतो आणि मग सर्व्हिस चार्ज, घरपोच देण्याचा चार्ज असं एकेक पान उलगडतो. विचारायचं ते एवढंच: ‘मला सहाशे डॉलर हातात हवेत. सगळं धरून किती रुपये देऊ?’ तीन ठिकाणी हाच प्रश्न विचारा आणि तीन आकडे कागदावर मांडा. चलन बदलण्यावरचा जीएसटी किरकोळ असतो, लाखाला १८० रुपये. त्याहून फार जास्त ‘टॅक्स’ कोणी सांगितला तर तो टॅक्स नव्हे. शंभराच्या नोटा मागा, २०१३ नंतरच्या, मधे निळी पट्टी असलेल्या, आणि काउंटरवरच एकेक उलटून बघा. लाजू नका, बँकवाल्यांना सवय असते. रुपिया, म्हणजे बालीत चालणारं इंडोनेशियाचं चलन, इथून मुळीच घेऊ नका. इथे त्याला गिऱ्हाईक कमी, त्यामुळे दर वाईट. विमानतळावरच्या काउंटरचा दर त्याहून वाईट, तिथे फक्त विसरभोळे घेतात.

टीसीएसची, म्हणजे विकणाऱ्याने आधीच कापून घ्यायच्या कराची, भीती कोणी घातली असेल तर सांगते. चलनापुरती ती भानगड वर्षाला दहा लाखांच्या वर गेल्यावर येते. हॉटेल आणि विमान मिळून पॅकेज घेतलं असेल तर त्यावर टीसीएस कापला असणार. आयकर खात्याच्या करकपातीच्या उताऱ्यात बघून घ्या, रिटर्न भरताना तो परत मिळतो किंवा करात वळता होतो. ह्यांच्या सीएला आठवण करून द्या, बस.

आता तुमचे चिरंजीव. मुलाचं अर्धं बरोबर आहे. हॉटेल, मोठी रेस्टॉरंट, मॉल इथे कार्ड चालतं. पण रस्त्याकडेचं ‘वारुंग’, म्हणजे तिथली खानावळ, देवळाचं तिकीट, गाडीवाला, शहाळंवाला, मसाजवाली बाई हे सगळे रोख मागतात. युपीआयच्या भरवशावर तर अजिबात जाऊ नका. शिवाय कार्ड म्हणजे कुठलं कार्ड, हा प्रश्न मुलाने विचारलेला दिसत नाही. बँक तुम्हाला डॉलरचं फॉरेक्स कार्ड गळ्यात मारेल. युरोप-अमेरिकेला ते उत्तम. बालीत खर्च होतो रुपियात, आणि रुपिया त्या कार्डावर सहसा भरताच येत नाही. म्हणजे रुपयाचा डॉलर होताना एकदा कापलं जातं आणि डॉलरचा रुपिया होताना क्रॉस करन्सी म्हणून दुसऱ्यांदा, बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत. साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावरही दोन ते साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा जास्तीचा आकार, आणि त्यावर जीएसटी असतो. हल्ली काही बँका मार्कअप न लावणारी कार्डं देतात. तुमच्या बँकेत तसं आहे का विचारा. असेल तर बालीसाठी तेच घ्या.

निघण्यापूर्वी बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशातला वापर चालू करा. नव्या कार्डांवर तो मुळात बंद असतो, आणि हे लोकांना हॉटेलच्या काउंटरवर कळतं. भारतातलं सिम रोमिंगवर जिवंत ठेवा, नाहीतर ओटीपी येणार कुठे? आणि मशीनवर ‘रुपयांत भरता की रुपियात?’ असं आलं की नेहमी तिथल्याच चलनात, रुपियात. आपला रुपया ओळखीचा वाटतो म्हणून माणूस तो दाबतो आणि वर चार-पाच टक्के उगाच घालवतो.

एटीएम वापरायचं तर बँकेच्या शाखेतलं. आपल्याकडे बहुतेक मशीन कार्ड आधी परत देतं. तिथे अनेकदा पैसे आधी येतात आणि कार्ड नंतर. पैसे मोजत मोजत बाहेर पडलेले आणि कार्ड मशीनला दान करून आलेले आपले लोक मला माहीत आहेत.

तर माझा हिशोब असा. चौघांना सहा दिवसांसाठी सहाशे ते सातशे डॉलर रोख पुरे. बाकी खर्च दोन कार्डांवर, वेगवेगळ्या बँकांच्या. त्यातलं एक तुमच्या नावाचं, ताई. ह्यांच्या खात्याचं ॲड-ऑन कार्ड नको. तुमचं खातं, तुमचं कार्ड, पिन तुम्हाला पाठ. रोख तीन ठिकाणी विभागा: थोडी ह्यांच्या पट्ट्यात, थोडी तुमच्याकडे, थोडी हॉटेलच्या तिजोरीत. आमची आजी जत्रेला जाताना पैसे कनवटीला लावायची, पण सगळे नव्हे. एक पुरचुंडी आजोबांच्या बंडीत असायची. तुमचे यजमान प्रेमानेच म्हणत असतील सगळं मी सांभाळतो. पण पट्टा समुद्रावर ओला झाला, गर्दीत कापला गेला किंवा ते स्वतःच पोट बिघडून खोलीत झोपले, तर तुम्ही तिघं पाण्याच्या बाटलीलाही महाग व्हाल. बावीस वर्षं वाण्याचं बिल आणि गॅसचा नंबर सांभाळणाऱ्या बाईला परक्या गावात नवऱ्याकडे सुट्टे मागायला लावायचे, हे मला तरी पटत नाही. ह्यांना माझं नाव सांगा हवं तर.

रोजचा हिशोबही तुम्हीच ठेवा, कारण तिथले आकडे भल्याभल्यांना गरगरवतात. शंभर डॉलर दिले की सोळा लाखांच्या वर रुपिया हातात येतात. सोपी युक्ती: शेवटची तीन शून्यं बोटाने झाका आणि उरलेल्याला साडेपाचाने गुणा. पन्नास हजारांचं जेवण म्हणजे पावणेतीनशे रुपये. दर थोडा इकडेतिकडे हलतो, पण बाजारात उभं राहून घासाघीस करायला एवढं पुरतं. एक लाखाची नोट लाल, पन्नास हजारांची निळी, वीस हजारांची हिरवी, दहा हजारांची जांभळी. पहिल्या रात्री हॉटेलच्या पलंगावर चारही रंग पसरा आणि सासूबाईंनाही ओळखायला लावा. मेनूकार्डावर किमतीपुढे ‘++’ दिसलं तर ती नक्षी नाही: दहा टक्के कर आणि वर सर्व्हिस चार्ज बिलात लागणार आहे.

आता डॉलर मोडायचे कुठे, ते माझी फजिती सांगून सांगते. २०१४ साली मी आणि माझी बहीण बालीला गेलो होतो. तिथल्या कुटा गावच्या एका गल्लीत फलक होता, डॉलरला १२,१००. इतर सगळीकडे ११,८०० चालू होतं. आत गेलो तर पुढे सारोंग आणि लाकडी मांजरं विकायला मांडलेली, मागे एक उंच काउंटर आणि एक गोड बोलणारा पोरगा. मी दोनशे डॉलर दिले. त्याने २४ लाख २० हजार मोजले, सगळे वीस हजारांच्या नोटांत, दहा-दहाच्या ढिगाऱ्या मांडून. मी मोजले, बरोबर. मग तो म्हणाला, थांबा, एकदा परत मोजतो. ढिगाऱ्या एकत्र केल्या, गठ्ठा काउंटरच्या कडेवर ठोकून सारखा केला आणि हसत हातात दिला. मी तसाच पर्समध्ये टाकला. रात्री जेवणाच्या बिलाला काढले तर चौदा नोटा कमी. ठोकताना अंगठ्याखालून मागे सरकवल्या होत्या. आयुष्यभर नोटा मोजलेल्या बाईला! दरात फायदा झाला असता आपले तीनशे रुपये, गेले चौदाशे. अक्कलखाती जमा केले आणि बहिणीला वर्षभर कोणाला सांगू दिलं नाही.

म्हणून: जिथे दर इतरांपेक्षा ठळक जास्त लिहिलाय, तिथे पायरी चढू नका. बँक इंडोनेशियाचा परवाना दाखवणारी ‘पीव्हीए बेरिझिन’ अशी खूण असलेलं, काचेचं दार आणि छापील पावती देणारं दुकान बघा. लाखाच्या आणि पन्नास हजारांच्या नोटा मागा. शेवटी नोटा मोजणारा हात तुमचा असला पाहिजे. तुम्ही मोजल्यावर समोरच्याने गठ्ठ्याला बोट जरी लावलं तरी परत पहिल्यापासून मोजा. तो वैतागला तर डॉलर परत घ्या आणि बाहेर पडा.

पोचल्यावरचे खर्च आधीच धरून ठेवा. व्हिसा ऑन अरायव्हलला माणशी पाच लाख रुपिया आणि बालीचा पर्यटन कर माणशी दीड लाख, म्हणजे चौघांचे आपले चौदा हजारांच्या आसपास. व्हिसा आणि कर दोन्ही ऑनलाइन भरता येतात, रांग वाचते. ‘ऑल इंडोनेशिया’ नावाचा फॉर्म उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो, तो फुकट असतो. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की समजा चुकीच्या दारात आलात. पासपोर्टची मुदत पोचल्यापासून सहा महिने शिल्लक हवी. चौघांचे आजच काढून बघा. हे काम मुलाला द्या, त्यात तो तुमच्यापेक्षा हुशार असेल.

मे महिना मात्र छान निवडलात. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला आठ अंशांवर आहे. पाऊस साधारण नोव्हेंबर ते मार्च, मे म्हणजे कोरड्या दिवसांची सुरुवात. मार्चमध्ये गेला असतात तर ‘न्येपी’त सापडण्याची शक्यता होती. बालीच्या लोकांचं नवं वर्ष ते, आणि वर्षगणना शकाचीच. २०२६ साली तर न्येपी आणि आपला पाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला आले आणि दोघांचाही शक १९४८. फक्त आपण गुढी उभारून श्रीखंड खातो आणि ते दिवसभर घराबाहेर पडत नाहीत, दिवा लावत नाहीत, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद.

सासूबाईंचं इन्सुलिन हातातल्या बॅगेत, गार पाऊचमध्ये. सामानाच्या पोटात टाकलेलं इन्सुलिन गोठून वाया जाऊ शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधं मूळ पाकिटात, दोन-चार दिवसांची जास्तीची. बाली आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तेव्हा सुईच्या वेळा कशा सरकवायच्या हे डॉक्टरांनाच विचारा. कोडीनचं खोकल्याचं औषध आणि कोणी दिलेल्या झोपेच्या गोळ्या घरीच ठेवा. अमली पदार्थांबाबत तो देश अतिशय कडक आहे. प्रवास विमा घेताना सासूबाईंचा डायबेटिस स्पष्ट लिहा. लपवलात तर दाव्याच्या वेळी तेच पुढे येतं. मुलाला तिथे स्कूटर फिरवायची हौस असणार. योग्य परवान्याशिवाय चालवताना पडला तर विमा कंपनी हात वर करते. चौघांना दिवसभराची चालकासह गाडी करा, सासूबाईंनाही तेच सोयीचं.

नळाचं पाणी प्यायचं नाही, चूळ भरायलासुद्धा बाटलीचंच. ओआरएसची पाकिटं भरपूर न्या. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा मलम सकाळीच लावा. उबुदच्या आणि उलुवातूच्या माकडांना महाबळेश्वरची माकडं समजू नका. तिथली चष्मा पळवतात आणि खाऊ मिळेपर्यंत परत देत नाहीत. बालीत रेबीज आहे. माकड किंवा कुत्रं चावलं, ओरखडलं तर साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा: ‘तेरासी’. कोळंबीची ती चटणी तिथल्या फोडणीत कुठेही असते, भाजीच्या भातातसुद्धा. ‘तानपा तेरासी’ म्हणजे तेरासी नको. टेम्पे नावाची सोयाबीनची वडी मात्र खाऊन बघाच, शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर ती आपल्या जिभेला परकी वाटत नाही. घरून दशम्या, चिवडा, शेंगदाण्याची चटणी न्या. लोणच्याची बाटली हातातल्या बॅगेत ठेवलीत तर सुरक्षा तपासणीला काढून घेतील. सुकं खोबरं विमानात नको, ते पेट घेणाऱ्या वस्तूंत मोजतात. पॉवर बँक याउलट हातातल्याच बॅगेत. ताजी फळं आणि बियाणं नेऊ नका.

परत येताना रुपिया तिथेच संपवा, इथे कोणी धड घेणार नाही. उरलेल्या डॉलरपैकी दोन हजारांपर्यंत घरी ठेवता येतात, वरचे १८० दिवसांत बँकेला परत करायचे. त्यावेळी खरेदीची पावती काढावी लागते. ओळखीच्याने ती दिली नसती.

राहिला गणपती. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते खोटं नाही, शिळं आहे. वीस हजारांच्या १९९८ च्या नोटेवर ‘की हाजर देवांतारा’ नावाच्या, शिक्षणकार्य केलेल्या पुढाऱ्याशेजारी गणपती होता. ती नोट २००८ च्या अखेरीस चलनातून काढली. आज वीस हजारांवर दुसरेच पुढारी आहेत. तेव्हा कोणी मोड म्हणून गणपतीची नोट दिली तर हात जोडा आणि परत करा. सासूबाईंना सांगा, तिथे घराघरांच्या दाराशी गणपती बसलेला असतो, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं कापड, कानामागे फूल खोचलेलं. देव्हाऱ्यासाठी उबुदच्या बाजारात लहानसा लाकडी मिळेल. बाई सांगेल त्याच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात करा, आणि पैसे तुमच्या पर्समधून द्या.

तुमची,
काकू